एमएसचा हिशेब घरी कसा ठेवायचा: फोन, घड्याळ आणि नागपूरचं ऊन

मे महिन्यातली दुपार होती. साडेतीनला लाइट गेली, कूलर बंद पडला आणि तासाभरात धाकट्या बहिणीचा उजवा पाय फरशीला घासायला लागला. तिला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. "ताई, पाय पुन्हा ओढून राहिला नं," ती म्हणाली. तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरले. डॉक्टरांना फोन लावला, तर त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या: घरात किती गरम आहे, अंगात ताप आहे का, लघवीला जळजळ होते का. मला एकाचंही नीट उत्तर देता आलं नाही. सहाला लाइट आली, डोक्यावर ओला पंचा घेऊन ती कूलरसमोर बसली आणि आठ वाजेपर्यंत पाय होता तसा झाला.

त्याआधीच्या हिवाळ्यात याच्या उलट घडलं होतं. डाव्या हाताची बोटं जड झाली, कुर्त्याची बटणं लागेनात, आणि आम्ही "थंडी असेल, थकवा असेल" म्हणत तीन आठवडे घालवले. तो एमएसचा खरा अटॅक निघाला. म्हणजे जिथे घाबरायचं नव्हतं तिथे घाबरलो आणि जिथे धावायचं होतं तिथे बसून राहिलो. दोन्ही वेळी खोट एकच होती. आमच्याकडे कसलीही नोंद नव्हती, नुसती आठवण होती. दिवाळीत गच्चीवर किती सहज चढली होती, हे विचारलं तर घरातले चार जण चार उत्तरं देत.

माझी वीस वर्षं बँकेत ताळेबंद जुळवण्यात गेली. तेव्हा म्हटलं, हाही एक ताळेबंदच समजू. पुढे लिहिलंय ते त्या खटपटीतून उरलेलं आहे. ज्यांच्या घरी एमएसचं निदान झालेलं आहे आणि न्यूरोलॉजिस्टकडे उपचार सुरू आहेत, त्यांच्यासाठी. निदान करण्यासाठी यातलं काहीही वापरू नका, आणि आकडे बघून गोळी-इंजेक्शन स्वतःहून बदलू नका.

आधी, डॉक्टर काय शोधत असतात

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेवरचं मायलिन नावाचं संरक्षक वेष्टन कुरतडते. त्यातून घरच्यांना दिसणारे बदल तीन प्रकारचे, आणि सगळा गोंधळ या तिघांची सरमिसळ होते म्हणून होतो.

पहिला प्रकार अटॅक, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रीलॅप्स. नवं लक्षण येतं किंवा जुनं ठळकपणे वाढतं, ते किमान २४ तास टिकतं, आणि त्या वेळी ताप किंवा जंतुसंसर्ग नसतो. आधीच्या अटॅकपासून ३० दिवस गेले असतील तरच नवा अटॅक मोजतात.

दुसरा प्रकार खोटा अटॅक. वेष्टन झिजलेल्या नसेतून संदेश आधीच रखडत जातो. अंगाचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी तो आणखी अडतो आणि जुनी लक्षणं पुन्हा डोकं वर काढतात. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये हे टिपलं होतं: रुग्णानं अंगमेहनत केली की नजर अंधुक व्हायची. आजही या प्रकाराला त्याचंच नाव आहे. गारवा मिळाला, ताप उतरला किंवा लघवीचा संसर्ग बरा झाला की हे उतरतं. यात नसेला नवी इजा झालेली नसते.

तिसरा प्रकार सगळ्यात लबाड. अटॅक नाही, काही नाही, पण महिन्यामागून महिना चाल थोडी मंदावते, अक्षर थोडं बिघडतं, फोनवर बोलताना शब्द सापडायला वेळ लागतो. रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही. डॉक्टरांकडेही सहा महिन्यांतून पंधरा मिनिटं असतात. घरच्या मोजमापाचा खरा उपयोग इथे आहे.

डॉक्टर फाइलमध्ये ईडीएसएस नावाचा आकडा लिहितात. अमेरिकन न्यूरोलॉजिस्ट जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही अपंगत्वाची शून्य ते दहाची पट्टी. आधार न घेता, न थांबता साधारण ५०० मीटर चालता येतं तो ४ चा टप्पा. १०० मीटरसाठी एका बाजूला काठी लागते तो ६ चा. पट्टी उपयोगाची आहे, पण मधल्या टप्प्यापासून ती जवळजवळ सगळी चालण्यावरच झुकते. हाताची बोटं आणि डोक्याचा वेग तिच्यात नीट उतरत नाहीत. म्हणून घरी मोजताना पाय, हात, डोकं आणि डोळे या चौघांनाही जागा द्या.

पायरी पहिली: रविवार सकाळ ठरवून टाका

मोजमाप कितीही साधं असो, ते दर वेळी तसंच झालं पाहिजे. आमचं ठरलेलं आहे: रविवारी सकाळी आठ, आंघोळीच्या आधी, चहानंतर अर्ध्या तासानं, त्याच पट्ट्याच्या चपला, तीच फरशी. गरम पाण्याची आंघोळ करून लगेच चाचणी घेतली तर आकडा बिघडतो. कारण वर आलंच. आदल्या रात्री लग्नाहून एक वाजता आलो असू, तर त्या रविवारी चाचणी होत नाही.

सुरुवातीचे चार-पाच आठवडे 'पाया' बांधण्याचे. हे आठवडे तब्येत स्थिर असतानाचे असावेत, अटॅकमधले किंवा अटॅकवर दिलेल्या स्टेरॉइडच्या कोर्सनंतर लगेचचे नकोत. हाताच्या आणि डोक्याच्या चाचण्यांचे पहिले दोन आकडे सरळ खोडा. माणूस सवयीनं सुधारतो, तब्येतीनं नाही, आणि ती खोटी सुधारणा 'पाया'मध्ये धरली तर पुढे उगाच घसरण दिसते. उरलेल्यांची सरासरी काढा. तोच तुमचा पाया, आणि पुढची सगळी तुलना त्याच्याशी. शेजारच्या काकूंच्या भाचीशी नाही.

नोंद कुठे ठेवायची? आम्ही गूगल शीट वापरतो. भरायला एक छोटा गूगल फॉर्म केला आहे, त्याचा शॉर्टकट बहिणीच्या फोनच्या पहिल्या पडद्यावर आहे. बोटांना मुंग्या येतात तेव्हा ती माइकचं बटण दाबून मराठीत बोलते आणि फोन टाइप करतो. बऱ्यापैकी बरोबर करतो. 'मुंग्या'चं 'मुंग' होतं कधीमधी. ज्यांना शीट जमत नाही त्यांनी चौकटीची वही घ्यावी. वहीसुद्धा चालते, फक्त आलेख हातानं काढावा लागतो.

पायरी दुसरी: चालणं

दवाखान्यात २५ फूट चालण्याची चाचणी घेतात. २५ फूट म्हणजे ७.६२ मीटर. घरात एवढी सरळ मोकळी जागा मिळणं कठीण. आम्ही फ्लॅटबाहेरच्या पॅसेजमध्ये दोन रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. टेपनं मोजून लावा, फरशा मोजून अंदाज करू नका. शेवटच्या पट्टीनंतर निदान दीड-दोन मीटर जागा सोडा, नाहीतर माणूस भिंत दिसली की आधीच वेग कमी करतो.

चालणाऱ्यानं पहिल्या पट्टीमागे उभं राहायचं. सूचना एकच: "पडणार नाहीस इतपत, पण जमेल तितकं भरभर चाल." पळायचं नाही. नेहमी काठी लागत असेल तर काठी घेऊनच. पुढचा पाय पहिली पट्टी ओलांडतो तेव्हा फोनचं स्टॉपवॉच सुरू, दुसरी ओलांडतो तेव्हा बंद. थोडं थांबून परत एकदा. दोन्हींची सरासरी सेकंदांत, एका दशांशापर्यंत लिहा. स्टॉपवॉच शक्यतो एकाच माणसाच्या हातात असावं. माझा भाचा उत्साहानं अर्धा सेकंद आधी दाबतो, त्यामुळे त्याला त्या कामावरून काढून टाकलं.

आकडा कसा वाचायचा? या चाचणीत साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा मानतात. समजा पाया ६.० सेकंदांचा आहे. मग ६.४ आले, ६.७ आले तरी ती रोजची चढउतार समजायची. ७.२ च्या पुढे गेले आणि सलग तीन रविवार तिथेच राहिले, तर लाल शाई. शीटमध्ये 'पाया'च्या आकड्याला १.२ नं गुणून एक रेघ आखून ठेवा म्हणजे दर वेळी गणित नको.

चाल ठीक आहे पण लांब गेलं की पाय जड होतो, अशांसाठी २५ फूट कमी पडतात. त्यांनी महिन्यातून एकदा दोन मिनिटं चालून किती अंतर होतं ते मोजावं. त्यासाठी फोनच्या जीपीएसवर विसंबू नका. थोड्या अंतरात तो वाटेल तसा फिरतो. त्याच पॅसेजमधल्या फेऱ्या मोजा आणि अंतरानं गुणा. सोबत कोणी असल्याशिवाय हे करायचं नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी चालण्याचे दोन व्हिडिओही काढा, एक समोरून आणि एक बाजूनं, दहा-दहा सेकंदांचे, पाय पूर्ण दिसतील असे. सेकंदांचा आकडा तोच असूनही पाऊल कधी घासायला लागलं, गुडघा कधी मागे जायला लागला, हे व्हिडिओत सापडतं. आमच्या फिजिओथेरपिस्टना शीटपेक्षा व्हिडिओच आवडतात.

पायरी तिसरी: हात

दवाखान्यातल्या चाचणीत नऊ छोट्या काड्या नऊ भोकांत एकेक करून घालायच्या आणि मग एकेक करून काढायच्या असतात. दोन्ही हातांची वेळ वेगवेगळी मोजतात. तो बोर्ड विकत मिळतो. आम्ही आधी घरगुती जुगाड केला: फ्रिजमधला बर्फाचा ट्रे आणि नऊ चिंचोके. वाटीतून एकेक उचलून नऊ खान्यांत ठेवायचा, मग परत वाटीत. आधी नेहमीच्या हातानं दोनदा, मग दुसऱ्या हातानं दोनदा. ट्रे आणि वाटी यांची जागा ठरलेली. आम्ही टेबलावर पेन्सिलनं खुणा केल्या आहेत. चिंचोका खाली पडला तर ती फेरी बाद.

हा आकडा डॉक्टरांना दाखवताना 'घरची चाचणी' म्हणून दाखवा. बोर्डाच्या सेकंदांशी चिंचोक्यांच्या सेकंदांची तुलना होत नाही. मात्र स्वतःच्या जुन्या आकड्याशी उत्तम होते. इथेही २० टक्क्यांचाच अंदाज धरा, आणि डाव्या-उजव्याची बेरीज करू नका. आमच्याकडे हिवाळ्यात जे निसटलं ते डाव्या हातातच होतं.

पायरी चौथी: डोकं आणि डोळे

डोक्याच्या वेगासाठी दवाखान्यात चिन्हं आणि अंक जुळवण्याची ९० सेकंदांची चाचणी वापरतात, तिला एसडीएमटी म्हणतात. वर कोणत्या चिन्हाला कोणता अंक याची किल्ली दिलेली असते, खाली चिन्हांची रांग, आणि प्रत्येक चिन्हाचा अंक सांगत जायचं. चार गुणांची घसरण लक्ष देण्यासारखी मानतात. फोनमध्ये या धर्तीच्या चाचण्या असतात. पण 'पाया' बांधून झाला की ही महिन्यातून एकदाच करा. रोज केली तर किल्ली पाठ होते आणि मग तुम्ही पाठांतर मोजता, मेंदू नाही. शब्दकोडी, सुडोकू हे व्यायाम म्हणून छान आहेत, मोजमाप म्हणून नाहीत.

त्याहून उपयोगी आम्हाला एक साधी नोंद वाटली: या आठवड्यात गॅस बंद करायला विसरलीस का, वाक्य अर्धवट राहिलं का, हिशेब चुकला का. हो किंवा नाही, एवढंच.

डोळ्यांसाठी आठवड्यातून एक मिनिट. एका तळहातानं एक डोळा झाका, कॅलेंडरवरची ठरलेली ओळ वाचा, मग दुसरा. नंतर एखादी लालभडक वस्तू बघा. आमच्याकडे कुंकवाच्या करंड्याचं झाकण आहे. एका डोळ्याला ते लाल आणि दुसऱ्याला विटकरी, फिकट दिसलं, किंवा डोळा फिरवताना मागून दुखलं, तर रविवारची वाट बघू नका. त्याच दिवशी फोन करा. डोळ्याच्या नसेला सूज आली की रंग आधी उडतो.

पायरी पाचवी: उन्हाचा रकाना

हा रकाना मला कुठल्याही अ‍ॅपमध्ये तयार मिळाला नाही, आणि नागपुरात तो नसेल तर बाकी सगळे आकडे फसवतात.

आमच्या शीटमध्ये प्रत्येक नोंदीसमोर चार गोष्टी असतात. बाहेरचं तापमान, ते हवामान खात्याच्या 'मौसम' अ‍ॅपवरून घेते. खोलीतलं तापमान आणि आर्द्रता, त्यासाठी भिंतीवर एक छोटं डिजिटल मीटर टांगलं आहे. अंगाचं तापमान, काखेत थर्मामीटर लावून. आणि कूलर किंवा एसी चालू होता की नाही.

आर्द्रता कशाला, असं बहीणही म्हणाली होती. मे महिन्यात इथली हवा इतकी कोरडी असते की वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोली चांगली गार करतो. बाहेर ४५ अंश असूनही आत तिचे आकडे ठीक येतात. जुलैत पारा ३२ वर उतरतो, सगळे सुस्कारा टाकतात, आणि तिचे पाय मात्र जड होतात. कारण पावसाळी हवेत कूलर पाणीच फेकतो, घाम वाळत नाही आणि अंग आतून तापलेलं राहतं. पहिल्या वर्षी आम्ही जुलैची घसरण आजाराच्या नावे लिहिली होती. आर्द्रतेचा रकाना आल्यावर ती पावसाच्या नावे गेली. डिसेंबरच्या पहाटेची गोष्ट वेगळी: तेव्हा थंडीनं स्नायू आखडतात, म्हणून हिवाळ्यात चाचणी आठऐवजी दहाला, ऊन आल्यावर.

यावरून एक नियम निघतो. लागोपाठच्या महिन्यांची तुलना करताना जपून, आणि वर्षाच्या तुलनेला जास्त वजन द्या. या मेचा आकडा गेल्या मेशी, या डिसेंबरचा गेल्या डिसेंबरशी. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांतले आकडे आम्ही वेगळ्या रंगात लिहितो आणि सरासरीत धरतच नाही.

याच रकान्याशेजारी आणखी काही खुणा ठेवा: झोप किती, लघवीची जळजळ, सर्दी-ताप, पाळीच्या आधीचे दिवस, नवं औषध, घरातला मोठा ताण. एक-एक अक्षर पुरे. थकव्याला शून्य ते दहा गुण द्या, पण रोज एकाच वेळी. आम्ही संध्याकाळी सातला देतो.

पायरी सहावी: हातातलं घड्याळ

स्मार्ट वॉच किंवा साधा फिटनेस बँड रोजची पावलं मोजतो, आणि ती मोजणी कामाची आहे. रविवारची चाचणी माणूस जोर लावून देतो. मंगळवारी दुपारी तो खरंच किती चालतो, हे पावलं सांगतात.

पण बायकांनी फोनवरची पावलं मोजू नयेत. आपल्या कपड्यांना खिसे कुठे असतात? फोन ओट्यावर पडलेला, बाई घरभर फिरते आहे, आणि रात्री फोन म्हणतो सहाशे पावलं. बँड घ्या. काठी असेल तर काठीच्या नव्हे, मोकळ्या हातात बांधा. वॉकर किंवा ट्रॉली धरून चालणाऱ्यांचे दोन्ही हात स्थिर राहतात, त्यामुळे मनगटावरचा बँड त्यांची पावलं गाळतो; फार हळू चालणाऱ्यांचीही गाळतो. अशांनी त्या आकड्यात जीव अडकवू नये. आयफोन कमरेजवळच्या खिशात असेल तर तो चालण्याचा वेग, पावलाची लांबी आणि डाव्या-उजव्या पायातला फरक आपोआप नोंदवतो. हेल्थ अ‍ॅपमध्ये 'मोबिलिटी' खाली बघा.

रोजचा आकडा बघू नका, आठवड्याची सरासरी बघा. आणि बँडला 'दहा हजार पावलं' हे लक्ष्य लावून ठेवू नका. एमएसमध्ये ताकद जपून वापरायची असते, आणि हातावर थरथरणारं यंत्र माणसाला नको तेवढं चालवतं. बहिणीच्या बँडचे सगळे टोमणे मी बंद केले आहेत.

अ‍ॅप घ्यायचं का?

एमएससाठी खास अ‍ॅप निघाले आहेत. रोश कंपनीच्या फ्लडलाइटमध्ये पडद्यावरचे टोमॅटो चिमटीत फोडायचे, आकार गिरवायचे, दोन मिनिटं चालायचं, वळणं घ्यायची, अशा चाचण्या असतात. फ्रान्समध्ये तयार झालेलं एमएस-कोपायलट चाल, हात, नजर आणि आकलन मोजतं. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकनं आयपॅडवरची चाचणीमालिका तयार केली, ती रुग्ण दवाखान्यात बसल्याबसल्या स्वतः देतो. कल्पना उत्तम आहेत, आणि वर सांगितलेल्या घरगुती चाचण्या त्याच कुटुंबातल्या.

घ्यायचं असेल तर चार गोष्टी तपासा. ते आपल्या प्ले स्टोअरवर मिळतं का. गेल्या वर्षभरात त्याचं अपडेट आलं आहे का. नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का. आणि ते सेकंद, गुण असे कच्चे आकडे दाखवतं की नुसते हसरे-रडके चेहरे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर माझ्या मते घेऊच नका. अ‍ॅप कंपनीच्या मर्जीनं चालतात नि तिच्याच मर्जीनं बंद होतात. हा आजार वर्षानुवर्षांचा आहे. आमची एक वर्षाची लक्षणांची डायरी अशीच एका अ‍ॅपबरोबर गेली. शीट, स्टॉपवॉच आणि चिंचोके कोणी बंद करू शकत नाही.

फोन बदलला तर ती तारीखही शीटमध्ये लिहा. पडदा मोठा-लहान झाला की टिचक्या मारण्याच्या चाचणीचे आकडे बदलतात.

एमआरआयच्या सीडीचं काय करायचं

नागपुरात धंतोली-रामदासपेठेत स्कॅन सेंटरांची कमी नाही, आणि दर वेळी जिथे लवकर नंबर लागला तिथे जायचं, ही आपली सवय. एमएससाठी ती महागात पडते. वेगळं मशीन, छेदांची वेगळी जाडी, वेगळा कोन असला की एमएसनं झालेला जुना डाग नवा वाटतो आणि नवा जुन्यात लपतो. शक्यतो तेच सेंटर, तेच मशीन, तीच पद्धत. वेळ घेतानाच सांगा की हा एमएसचा तुलनात्मक स्कॅन आहे, आणि जुनी सीडी स्कॅनच्या दिवशी रेडिओलॉजिस्टकडे द्या. नंतर नेऊन दिली तर रिपोर्ट तुलनेशिवाय छापलेला असतो. रिपोर्टमध्ये हे वाक्य शोधा: अमुक तारखेच्या स्कॅनशी तुलना करता नवे डाग इतके. नसेल तर तिथेच विनंती करा.

नवं औषध सुरू केल्यावर साधारण तीन ते सहा महिन्यांनी एक नवा 'पाया' स्कॅन घेण्याची पद्धत आहे, कारण औषधाचा असर चढण्याआधी आलेले डाग औषधाच्या माथी मारायचे नसतात. रंगाचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन दर वेळी लागतंच असं नाही, डॉक्टरांना विचारा.

फिल्मचा खिडकीसमोर धरून काढलेला व्हॉट्सअ‍ॅप फोटो काही कामाचा नाही. सीडीत डायकॉम नावाच्या फाइली असतात, त्याच हव्यात. घरी आल्याबरोबर अख्खी सीडी लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवा. नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो. सेंटरनं लिंक दिली असेल तर त्याच दिवशी डाउनलोड करा, लिंक कायमची नसते. फोल्डरला वर्ष-महिना-भाग अशा क्रमानं नाव द्या, म्हणजे आपोआप रांगेत लागतात. आभा, म्हणजे आयुष्मान भारतचं १४ अंकी आरोग्य खातं, काढलं असेल तर जोडलेल्या दवाखान्यांचे रिपोर्ट त्यात येतात, पण पेनड्राइव्ह सोडू नका.

रक्ताच्या तपासण्या कोणत्या आणि किती दिवसांनी, हे औषधावर ठरतं. कुठल्या गोळीला यकृताची, कुठलीला पांढऱ्या पेशींची. फोनच्या कॅलेंडरमध्ये पुढच्या वर्षभराच्या तारखा आजच टाका.

फोन कधी उचलायचा

लक्षण दिसलं की आमच्याकडे आधी उन्हाचा रकाना भरतात. अंग तापलंय? तासभर गारवा, पाणी, पन्हं, विश्रांती. ताप किंवा लघवीची जळजळ? डॉक्टरांना कळवून लघवीची तपासणी, कारण संसर्ग असताना स्टेरॉइड देत नाहीत, आधी तो बरा करतात. अंग गार आहे, ताप नाही आणि लक्षण २४ तास उतरलं नाही, तर न्यूरोलॉजिस्टना फोन, शीटचा फोटो सोबत.

नजर गेली, एकाचे दोन दिसू लागले, लघवी अडली, पायातली ताकद झपाट्यानं चालली, तर २४ तास मोजत बसू नका. आणि काही मिनिटांत तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, तर एमएसचा विचारही न करता १०८ ला फोन करा. एमएस असलेल्या माणसालाही पक्षाघात होऊ शकतो.

हिशेब कोणाचा?

एका रविवारी स्टॉपवॉच घेऊन मी पॅसेजमध्ये उभी होते आणि ती दारातूनच म्हणाली, "काहून रोज रोज परीक्षा घेऊन राहिली बाप्पा? मी बहीण आहे का तुझी फाइल?" तेव्हापासून शीट तिच्या खात्यावर आहे, मला फक्त बघायची परवानगी. तिला एखादा रविवार नको असेल तर तो रकाना रिकामा राहतो, कारण विचारायचं नाही. घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आकडे जात नाहीत. व्हिडिओ तिच्याच फोनमध्ये. काळजी करणाऱ्याला मोजमापाची चटक लागते, हे मी स्वतःवरून सांगते. दिवसातून तीनदा आलेख उघडत असाल तर आलेख महिन्यातून एकदाच उघडायचा, असं ठरवून टाका.

डॉक्टरांसमोर ती पंधरा मिनिटं

चाळीस ओळींची शीट टेबलावर ठेवली तर कोणीच ती वाचत नाही. भेटीच्या आदल्या दिवशी एक पान तयार करा, एकच. वर एक ओळ: मागच्या भेटीनंतर काय बदललं. खाली चार छोटे आलेख: चाल, उजवा हात, डावा हात, आठवड्याची पावलं, प्रत्येकात 'पाया'ची रेघ आणि २० टक्क्यांची रेघ, आणि उन्हाळ्याचे महिने फिकट रंगात. त्याखाली अटॅक असल्यास तारीख, किती दिवस टिकला, त्या वेळी ताप होता का, स्टेरॉइड किती दिवस. मग चुकलेले डोस, खरे खरे. शेवटी एमआरआय आणि रक्ततपासणीच्या तारखा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर आधीच उघडून ठेवा, गॅलरीत शोधण्यात दोन मिनिटं जातात.

अपंगत्वाच्या यूडीआयडी कार्डासाठीही हीच पानं जपून ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आणि बहुतेक सवलतींना ४० टक्क्यांची अट आहे. टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवतं, पण चढउतार असलेला आजार 'आज तर बऱ्या दिसता' म्हणून मोजला जाऊ नये, यासाठी तारीखवार कागद हातात असलेला बरा.

पानाच्या मागे बहीण स्वतःच्या अक्षरात तीन प्रश्न लिहिते. मागच्या वेळचा पहिला प्रश्न होता: आमच्या मावसभावाचं लग्न २६ मेला आहे, दुपारचा मुहूर्त, जाऊ का? डॉक्टरांनी मेचे दोन्ही वर्षांचे आलेख बघितले आणि म्हणाले, जा, पण लॉनवर नाही, एसी हॉल असेल तर. आणि वरातीत नाचायचं असेल तर बर्फाचा पंचा मानेवर ठेवून. तिनं ते तिथेच कागदावर लिहून घेतलं.